करार मोडण्याची किल्ली एकाच हातात का?

खडकीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते एका लढाईमुळे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज इथे समोरासमोर आली. एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीकडे कसा आला, बापू गोखले कसे लढले, बाजीराव पर्वतीवरून लढाई कशी पाहत होता, हे सगळे सांगितले जाते. आम्हाला मात्र दुसराच प्रश्न पडतो. या लढाईने एक तह संपला. तो तह कोणी केला होता? कोणाला विचारून केला होता? आणि मोडताना कोणाला विचारले होते?

होळकरांकडून हार खाऊन पुण्यातून पळालेल्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला कंपनीशी तह केला. कंपनीची फौज पोसायची, त्यासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा आणि परराज्यांशी बोलणी कंपनीच्या सल्ल्याने करायची, असे त्यात ठरले. शिंद्यांना विचारले नाही, होळकरांना नाही, नागपूरकर भोसल्यांनाही नाही. रयतेला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. पुढे १३ जून १८१७ च्या पुणे तहात उरलेसुरले वर्चस्वही लिहून दिले आणि पाच महिन्यांच्या आत खडकीत तह मोडला. मोडण्याचा निर्णयही दरबारातल्या चार माणसांच्या खलबतात झाला. तो कोणत्या सभेपुढे आला नाही, कारण अशी सभाच नव्हती.

किंमत कोणी मोजली? बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला पडले. फौजांच्या येण्याजाण्यात गावे नागवली गेली. आणि ज्याने तह केला व मोडला तो बाजीराव ३ जून १८१८ रोजी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाख रुपयांची पेन्शन घेऊन बिठूरला राहायला गेला.

गैरसमज नको म्हणून स्पष्ट सांगतो. पेशवाई बुडाल्याचे दुःख आम्हाला नाही. ज्या राज्यात आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला जात होता, त्या राज्यासाठी अश्रू ढाळण्याचे काम ज्यांचे आहे त्यांनी करावे. आम्ही १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या स्तंभापुढे उभे राहतो ते त्याच कारणाने. पण ज्या पद्धतीने ते राज्य चालत होते ती पद्धत संपली का, हे तपासणे आमचे काम आहे. करार करणारा एक, मोडणारा तोच आणि भोगणारे मात्र लाखो, ही पद्धत आजही जिवंत आहे. फरक एवढाच की आता गादीच्या जागी राष्ट्राध्यक्षांची खुर्ची आहे आणि खलबतखान्याच्या जागी मंत्रिमंडळाची बैठक.

इंग्रजांनीही तेच केले

कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली, त्या महार सैनिकांच्या वारसांना इंग्रजांनी काय दिले? १८९२-९३ च्या सुमारास लष्करी खात्याच्या धोरणाने महारांची भरती बंद झाली. कोणती सभा भरली नाही, कोणता कायदा झाला नाही. साहेबांना वाटले की हे लढवय्ये नाहीत आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सैनिकी नोकरी गेली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत निवेदन पाठवले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा भरती पुन्हा उघडली, युद्ध संपल्यावर पलटण पुन्हा मोडली. अखेर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली.

या खडकी-पुण्याच्या छावण्यांत ज्यांच्या आज्या-पणज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. हुकमाने मिळालेली गोष्ट हुकमानेच जाते. टिकते ती कायद्याने बांधलेली आणि काढून घेताना दहा जणांपुढे कारण द्यावे लागेल अशी गोष्ट.

येरवड्यात बाबासाहेबांनी कोणते कलम घातले?

खडकीहून होळकर पूल ओलांडून पुढे गेले की येरवडा. २४ सप्टेंबर १९३२ रोजी तिथल्या तुरुंगात पुणे करारावर सह्या झाल्या. या कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्याचे नुकसान आजही आपण भोगतो, यावर चळवळीत पुष्कळ लिहिले गेले आहे. बाबासाहेबांनी स्वतः त्यावर कठोर लिहिले. कोणत्या दबावाखाली सही झाली हेही सर्वांना माहीत आहे. आज आम्हाला त्या करारातली एकच गोष्ट दाखवायची आहे.

वाटाघाटीत जागांचा आकडा ठरला. निवाड्यातल्या ७१ च्या ऐवजी प्रांतांत १४८ जागा. पण अडले कुठे? या राखीव जागा संपणार कधी आणि कोणाच्या म्हणण्याने, यावर. जनमत किती वर्षांनी घ्यायचे, दहा की पाच, यावर ओढाताण चालली. शेवटी जे कलम झाले त्याचा अर्थ असा : संबंधित समाज परस्पर संमतीने दुसरे काही ठरवीत नाहीत तोपर्यंत राखीव जागांची व्यवस्था चालू राहील.

परस्पर संमतीने. म्हणजे एका बाजूला वाटले म्हणून एका बाजूने संपवायचे नाही. उपोषणाची तलवार डोक्यावर टांगलेली असतानाही बाबासाहेबांची नजर कराराच्या शेवटाच्या कलमावर होती. करारात काय मिळते हे कोणीही बघतो. तो करार कोण मोडू शकतो, हे ज्याला अनुभव आहे तोच बघतो. आमचा सगळा मुद्दा या एका कलमात आहे.

अमेरिकेच्या घटनेतली फट

आता जगाकडे पाहू. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष परराष्ट्राशी करार करू शकतो, पण सिनेटच्या हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी. आत जायला कुलूप आहे. बाहेर पडायचे असेल तर? त्यावर घटना गप्प आहे. या गप्पपणाचा फायदा राष्ट्राध्यक्षांनी घेतला.

१९७८ च्या डिसेंबरात जिमी कार्टर यांनी तैवानबरोबरचा १९५४ चा संरक्षण करार संपवत असल्याचे जाहीर केले. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. १९७९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नावर निकाल न देता खटला काढून टाकायला सांगितले. प्रश्न लोंबकळत राहिला. तेव्हापासून प्रथाच पडली. पॅरिस हवामान कराराचे काय झाले पाहा. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये बाहेर पडण्याची घोषणा केली, ४ नोव्हेंबर २०२० ला अमेरिका बाहेर पडली, फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडेन यांच्या सहीने परत आत आली आणि २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांच्या सहीने पुन्हा बाहेर निघाली. आत जाताना सिनेटला विचारले नाही, बाहेर पडतानाही नाही. पाऊस, दुष्काळ, समुद्राची पातळी हा साऱ्या जगाचा प्रश्न आणि त्याचा निर्णय कोणाच्या टेबलावर कोणते पेन आहे यावर!

मग जाग आली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संरक्षण खर्चाच्या कायद्यात एक कलम घातले. सिनेटच्या दोन तृतीयांश संमतीशिवाय किंवा काँग्रेसच्या कायद्याशिवाय कोणत्याही राष्ट्राध्यक्षाला नाटो करारातून बाहेर पडता येणार नाही. डेमोक्रॅट टिम केन आणि रिपब्लिकन मार्को रुबियो या दोघांनी मिळून ते पुढे आणले होते. लक्षात घ्या, लष्करी कराराला कुलूप लागले. हवामानाच्या कराराला लागले नाही. कोणत्या कराराला कुलूप लावायचे हेही ताकदवानच ठरवतात.

एका रात्रीत गेलेले संरक्षण

अमेरिकेचे उदाहरण दूरचे वाटत असेल तर तुर्कस्तान पाहा. स्त्रियांवरील हिंसाचार रोखण्याचा युरोपीय करार २०११ मध्ये इस्तंबूल शहरात सहीसाठी खुला झाला. त्या शहराचेच नाव त्याला पडले. त्याला मान्यता देणारा पहिला देश तुर्कस्तान. त्यांच्या संसदेने तो एकमताने मंजूर केला होता. आणि २० मार्च २०२१ रोजी तिथल्या बायका सकाळी उठल्या तेव्हा राजपत्रात एर्दोगान यांचा हुकूम छापून आला होता : आपण या करारातून बाहेर पडत आहोत. संसदेत चर्चा नाही, मतदान नाही. बायका रस्त्यावर आल्या, न्यायालयात गेल्या. १ जुलै २०२१ पासून बाहेर पडणे लागू झाले आणि पुढे न्यायालयानेही राष्ट्राध्यक्षांच्याच बाजूने कौल दिला.

संसदेने एकमताने दिलेले एका माणसाने रातोरात काढून घेतले. मित्रांनो, हे वाक्य पुन्हा वाचा आणि तुर्कस्तानच्या जागी आपल्या देशाचे नाव घालून पाहा.

उलटी उदाहरणेही आहेत. ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी सार्वमत झाले होते, बहुमत मिळाले होते. तरीही जीना मिलर यांच्या खटल्यात २४ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ मतांनी सांगितले की या करारामुळे देशातल्या लोकांना हक्क मिळालेले आहेत, ते हक्क मंत्री आपल्या अधिकारात काढू शकत नाहीत, आधी संसदेचा कायदा आणा. त्याच्या पुढच्याच महिन्यात, २२ फेब्रुवारीला, दक्षिण आफ्रिकेच्या उच्च न्यायालयाने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातून बाहेर पडण्याची सरकारची नोटीस घटनाबाह्य ठरवली. कारण साधे होते. संसदेच्या मान्यतेने आत गेलात, तर संसदेला न विचारता बाहेर कसे पडता? सरकारला नोटीस मागे घ्यावी लागली. वर्णद्वेषाशी लढून घटना लिहिणाऱ्या देशाने हे केले, याचे आम्हाला विशेष मोल वाटते.

आपल्याकडे तर दोन्ही दरवाजे उघडे

आता आपले घर. आपल्याकडे राष्ट्रपती असले तरी ते अमेरिकेसारखे नाहीत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हा फरक समजावून सांगितला. आपला राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखा आहे, तो राज्याचा प्रमुख आहे, कारभार मात्र मंत्रिमंडळाचा. म्हणून आपल्या संदर्भात प्रश्न राष्ट्रपतींचा नसून पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाचा आहे.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, केंद्राच्या यादीत १४ वी नोंद आहे : परदेशांशी तह आणि करार करणे व त्यांची अंमलबजावणी. म्हणजे या विषयावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला स्पष्ट दिलेला आहे. कलम २५३ प्रमाणे करार अमलात आणण्यासाठी संसद साऱ्या देशासाठी कायदा करू शकते, राज्यांच्या विषयांवरसुद्धा. आणि कलम ७३ सांगते की ज्या विषयावर संसद कायदा करू शकते तिथपर्यंत केंद्र सरकारचा कार्यकारी अधिकार पोचतो. आता गोम कुठे आहे? करार कसे करावेत आणि कसे मोडावेत, यावर संसदेने आजवर सर्वसाधारण कायदाच केलेला नाही. संसदेने जागा रिकामी सोडली आणि मंत्रिमंडळ तिथे जाऊन बसले. न्यायमूर्ती व्यंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील संविधान आढावा आयोगाने २००२ मध्ये असा कायदा करा म्हणून सुचवले. अहवाल कपाटात गेला.

अमेरिकेत निदान आत जायला कुलूप आहे. आपल्याकडे आत जायलाही नाही, बाहेर पडायलाही नाही. १५ एप्रिल १९९४ रोजी मराकेशला जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर भारताची सही झाली. शेती, बियाणे, औषधे, सगळे त्यात आले. संसदेच्या मंजुरीची अट नव्हती. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्याला कोणी विचारले?

बाहेर पडण्याचीही उदाहरणे आहेत. २०१६ पासून भारत सरकारने पन्नासहून अधिक देशांना गुंतवणूक संरक्षणाचे करार संपवण्याच्या नोटिसा पाठवल्या. त्यातले कित्येक करार परदेशी कंपन्यांच्या सोयीचे होते आणि ते संपवणे योग्य होते असे म्हणायला आमची हरकत नाही. पण त्यावर संसदेत मतदान झाले नाही. पहलगामच्या हत्याकांडानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी १९६० चा सिंधू जलकरार स्थगित ठेवण्याचा निर्णय झाला, तो मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीत. तो निर्णय बरोबर की चूक, यावर लोकांची मते वेगवेगळी असतील. तो निर्णय संसदेच्या मतदानाला टाकला गेला नाही, यावर दुमत होऊ शकत नाही. आज ज्या दाराने तुम्हाला पटणारा निर्णय गेला, त्याच दाराने उद्या तुमच्या मुळावर येणारा निर्णय जाईल. दार तेच, पहारेकरी नाही.

यात आपले काय जाते?

कोणी म्हणेल, हे परराष्ट्र खात्याचे विषय, वस्तीतल्या पोराला याच्याशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे. तीन करार सांगतो.

पहिला, वांशिक भेदभाव निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार. संयुक्त राष्ट्रसंघाने तो १९६५ मध्ये स्वीकारला, भारताने १९६८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याच्या पहिल्या कलमात भेदभावाच्या कारणांमध्ये वंश, वर्ण यांच्याबरोबर जन्माचे कूळ असा अर्थ असलेला शब्द आहे आणि तो घालण्याची सूचना भारताच्याच प्रतिनिधीने केली होती. २००२ मध्ये या कराराच्या समितीने सांगितले की जन्माच्या कुळात जातही येते. आपल्या सरकारला हे मान्य नाही. २००१ मध्ये डर्बनच्या परिषदेत आणि २००७ मध्ये या समितीपुढे सरकारची भूमिका एकच : जात म्हणजे वंश नव्हे, हा विषय इथे आणू नका. सरकारे बदलली, भूमिका बदलली नाही. आता याच कराराचे कलम २१ वाचा. राष्ट्रसंघाच्या महासचिवांना एक लेखी पत्र पाठवायचे, वर्षभराने देश बाहेर. जगापुढे जातीचा प्रश्न नेण्याची जी एक खिडकी आपल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे झगडून उघडली, ती बंद करायला एक पत्र पुरेसे आहे. त्या पत्रासाठी संसदेची परवानगी लागत नाही.

दुसरा, स्त्रियांवरील भेदभाव निर्मूलनाचा करार. भारताने १९९३ मध्ये मान्य केला. राजस्थानात भंवरीदेवी नावाच्या कुंभार समाजातल्या कार्यकर्तीवर बालविवाह रोखल्याबद्दल सामूहिक बलात्कार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध तेव्हा देशात स्वतंत्र कायदा नव्हता. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कराराचा आधार घेतला आणि नियम घालून दिले. संसदेचा कायदा यायला २०१३ साल उजाडले. मधली सोळा वर्षे देशातल्या नोकरदार बाईला जे संरक्षण मिळाले त्याच्या पायाशी एक आंतरराष्ट्रीय करार होता. म्हणून करार म्हणजे निव्वळ कागद, असे म्हणणाऱ्यांनी भंवरीदेवीला विसरू नये.

तिसरा, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे करार. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा १९५४ मध्ये मान्य केला, नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा १९६० मध्ये. डोक्यावरून मैला वाहून नेण्याचा प्रश्न या दुसऱ्या कराराखाली त्या संघटनेपुढे गेला आहे.

इथे आमच्या खडकीचा संबंध थेट येतो. १८६९ पासून चालत आलेला दारूगोळा कारखाना ही इथल्या कित्येक बहुजन कुटुंबांची भाकरी. १६ जून २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ठरवले आणि १ ऑक्टोबरपासून देशातल्या ४१ आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. मधल्या काळात, ३० जूनला, संप बंद करणारा अध्यादेश आला. संसद नंतर आली, ठरलेल्या गोष्टीवर शिक्का मारायला. कारखान्यातल्या माणसाला विचारा, मंत्रिमंडळाचा निर्णय म्हणजे काय ते तो सांगेल.

आणि आता एक विरोधाभास पाहा. त्रिपक्षीय सल्लामसलतीचा १४४ क्रमांकाचा कामगार करार भारताने १९७८ मध्ये मान्य केला आहे. त्यात लिहिले आहे की एखाद्या मान्य केलेल्या कामगार करारातून बाहेर पडण्याचा प्रस्ताव असेल तर आधी कामगारांच्या आणि मालकांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करावी. म्हणजे युनियनशी बोलावे लागते, मालकांच्या संघटनेशी बोलावे लागते आणि या देशाच्या निवडून आलेल्या संसदेला विचारण्याचे बंधन नाही!

चार आक्षेप

पहिला आक्षेप : परराष्ट्र व्यवहारात गुप्तता आणि वेग लागतो, संसदेत चर्चा करत बसलो तर देश धोक्यात येईल. आम्ही विचारतो, आणीबाणीपेक्षा जास्त वेग कशाला लागतो? २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीवर सही झाली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. त्यातून शहाणे होऊन १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३५२ बदलले. आता मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो आणि एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने मान्यता दिली नाही तर आणीबाणी संपते. युद्धाच्या काळातली आणीबाणी संसदेपुढे येऊ शकते, तर करार मोडण्याचे पत्र का येऊ शकत नाही?

दुसरा आक्षेप : सरकारकडे बहुमत असतेच, मतदान घेतले तरी तेच होणार. मग साध्या बहुमतावर सोडू नका. घटनादुरुस्तीला लागते तसे विशेष बहुमत ठेवा. आणि हरलो तरी चर्चेचे मोल आहे. मंत्र्याला उभे राहून कारण द्यावे लागते, कोण कुठल्या बाजूला होते याची नोंद राहते. बाबासाहेबांनी त्याच ४ नोव्हेंबरच्या भाषणात सांगितले होते की आपण स्थैर्यापेक्षा जबाबदारीला जास्त महत्त्व देणारी पद्धत निवडली आहे, जिथे सरकारची झडती निवडणुकीत तर होतेच, सभागृहात रोजही होते. ज्या विषयाचा सभागृहात हिशेबच द्यावा लागत नाही, त्याची झडती होणार कशी?

तिसरा आक्षेप आपल्यातलेच काही जण घेतात : बाबासाहेबांनी ही तरतूद संविधानात का लिहिली नाही? संविधानाने १४ वी नोंद संसदेच्या हाती दिली आहे. कलम ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याचा आणि करारांच्या बंधनांचा आदर वाढवण्याचे तत्त्वही आहे. हत्यार दिलेले आहे, ते पंचाहत्तर वर्षे वापरले नाही हा संसदेत बसलेल्यांचा दोष. आणि परराष्ट्र धोरण हा आपला विषय नाही असे बाबासाहेबांनी कधीच मानले नाही. १९५१ मध्ये राजीनाम्याचे निवेदन देताना त्यांनी दोन गोष्टी नोंदवल्या : मंत्रिमंडळाच्या परराष्ट्र समितीवर आपल्याला घेतले नाही आणि साडेतीनशे कोटींच्या महसुलातले एकशे ऐंशी कोटी लष्करावर जातात, त्याचे मूळ परराष्ट्र धोरणात आहे. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी पंचशील करारावर नेहरूंना उघड प्रश्न विचारले. दलितांच्या नेत्याने दलितांपुरते बोलावे ही अपेक्षा त्यांनी तेव्हाच झुगारली.

चौथा आक्षेप : आमच्या नेत्यावर आमचा विश्वास आहे, तो देशाचे वाईट करणार नाही. याला उत्तर २५ नोव्हेंबर १९४९ चे आहे. राजकारणातली भक्ती आणि विभूतीपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे बाबासाहेबांनी त्या दिवशी बजावले. हा इशारा कोणा एका पक्षाच्या भक्तांना नव्हता. आपला माणूस खुर्चीत बसला तरी तो लागू आहे.

आमची मागणी

संसदेने १४ व्या नोंदीखाली करारविषयक कायदा करावा. त्यात पाच गोष्टी असाव्यात.

१. नागरिकांच्या हक्कांना स्पर्श करणारा कोणताही करार मान्य करण्याआधी तो दोन्ही सभागृहांपुढे ठेवून मंजूर करून घ्यावा.

२. मानवी हक्क, जात-वंश-लिंग भेदभाव आणि कामगार यांविषयीच्या करारातून बाहेर पडायचे असेल तर दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागावे. त्याशिवाय पाठवलेले पत्र कायद्याने निरर्थक ठरावे.

३. खरीच तातडी असेल तर सरकारने तात्पुरती स्थगिती द्यावी, पण एका महिन्याच्या आत संसदेची मान्यता घ्यावी. नाही मिळाली तर स्थगिती आपोआप उठावी.

४. ज्या समाजघटकाच्या हक्कांवर परिणाम होणार त्यांचे म्हणणे आधी ऐकावे. अनुसूचित जाती आयोग, अनुसूचित जमाती आयोग आणि महिला आयोग यांचे लेखी मत संसदेपुढे यावे.

५. भारताने मान्य केलेले सगळे करार मराठीसह सर्व भारतीय भाषांत छापून उपलब्ध करावेत. जो करार वाचताच येत नाही, तो मोडला गेला हे कळणार कोणाला?

या मागणीसाठी मोर्चाची वाट बघायची गरज नाही. विहारातल्या अभ्यासवर्गात एक रविवार या विषयाला द्या. वर सांगितलेले तीन करार मिळवा आणि वाचा. तुमच्या खासदाराला लेखी प्रश्न विचारा : करारातून बाहेर पडताना संसदेची परवानगी लागावी, असे खासगी विधेयक तुम्ही आणाल का? उत्तर आले तर जाहीर करा. नाही आले तर तेही जाहीर करा. कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या कायद्याचा मसुदा लिहायला घ्यावा. मसुदा लिहिण्याची परंपरा आपल्याकडे आहे, ती दुसऱ्या कोणाकडून उसनी आणायची नाही.

१८१७ मध्ये खडकीच्या माळावर जे घडले ते थांबवण्याचा कायदेशीर अधिकार कोणाकडेच नव्हता. आज तो अधिकार ५४३ खासदारांच्या लोकसभेकडे आणि राज्यसभेकडे आहे. त्यांनी तो वापरावा, हे त्यांना सांगणे मतदार म्हणून आपले काम आहे.

जय भीम! जय संविधान!